पीएमओ कसं हवं: हाताशी असणारं, लगाम धरणारं की स्वतः हाकणारं?

पीएमओ म्हटलं की आपल्याला आधी पंतप्रधान कार्यालय आठवतं. हा लेख कंपनीतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिसबद्दल, म्हणजे सगळ्या प्रोजेक्टांवर एकत्र लक्ष ठेवणाऱ्या विभागाबद्दल आहे, आणि तोही अशा कंपनीतल्या, जिथे एका वेळी दहा-बारा ऑर्डरी चालू असतात आणि त्यातल्या तीन-चार कायम लेट असतात. भोसरी-चाकण पट्ट्यात स्पेशल पर्पज मशिन, म्हणजे ग्राहकाच्या एखाद्या ठराविक कामापुरतं खास मशिन, बनवणाऱ्या कारखान्यांत मी बरीच वर्षं प्रोजेक्ट सांभाळले, म्हणून उदाहरणं तिथली. पीएमओ काढायचं ठरलं की पहिली धावपळ होते माणूस शोधण्याची. मग त्याचं स्वरूप तो माणूस आणि त्याची एक्सेल शीट ठरवतात. आधी स्वरूप ठरवा, माणूस नंतर शोधा.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही १९६९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली संस्था. तिच्या मार्गदर्शिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत पीएमओचे तीन प्रकार दिले आहेत: सपोर्टिव्ह, कंट्रोलिंग आणि डायरेक्टिव्ह. पहिल्याच्या हाती अधिकार थोडा, दुसऱ्याच्या मध्यम, तिसऱ्याच्या भरपूर. पण व्याख्या वाचून निवड करता येत नाही. त्यापेक्षा एकच प्रसंग तिघांपुढे ठेवून बघू.

ग्राहकाने डिझाइन मंजूर केलंय, फिक्स्चरची (मशिनमध्ये पार्ट जागेवर पकडून ठेवणाऱ्या भागाची) प्लेट मशिनिंगला गेलीय, आणि ग्राहकाचा इंजिनियर फोनवर सांगतो, "पार्टचं मॉडेल बदललंय, दोन लोकेटिंग पिन सरकवाव्या लागतील."

पीएमओ सपोर्टिव्ह असेल, तर प्रोजेक्ट मॅनेजर त्यांच्याकडे जातो. मागे असाच बदल झाला तेव्हा किती तास लागले, जादा पैसे मागितले होते का, पत्र कसं लिहिलं होतं, हे सगळं त्याला काढून मिळतं. पुढचा निर्णय त्याचा. त्याने कोणाला न विचारता फोनवरच "करतो साहेब" म्हटलं, तर पीएमओला ते कळेलच असं नाही.

कंट्रोलिंग पीएमओमध्ये चेंज नोटशिवाय, म्हणजे बदलाच्या लेखी नोंदीशिवाय, डिझाइनमधून नवं ड्रॉइंग सुटत नाही. तास, खर्च आणि डिस्पॅचची तारीख लिहावी लागते, ग्राहकाचा लेखी होकार जोडावा लागतो. निर्णय अजूनही प्रोजेक्ट मॅनेजरचाच, फक्त वाट आखलेली.

डायरेक्टिव्हमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर हा पीएमओचाच माणूस. ग्राहकाशी पैशांचं आणि तारखेचं बोलणं पीएमओ करतं. या बदलासाठी शेजारच्या मशिनवरचा फिटर काढून इथे लावायचा की नाही, हेही तेच ठरवतं.

फिटर कोण हलवणार, यावरच मी प्रकार ओळखतो. पाटीवर काय लिहिलंय त्याला फारसा अर्थ नाही.

सपोर्टिव्ह प्रकार स्वस्त आहे, एका जाणत्या माणसावर चालतो, आणि प्रोजेक्ट मॅनेजर अनुभवी असतील तर उत्तम. नवखे असतील, तर ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज असते तोच मदत मागायला जात नाही. हे मी वारंवार पाहिलंय.

कंट्रोलिंग प्रकाराबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मालकांना तोच सर्वात सुरक्षित वाटतो. शिस्त येईल आणि कोणाचे अधिकारही काढावे लागणार नाहीत, असा हिशेब असतो. मी एका कंपनीत हा प्रयोग आतून पाहिला. दर शुक्रवारी संध्याकाळी सगळे प्रोजेक्ट मॅनेजर स्टेटस शीट भरत बसायचे. पहिले काही आठवडे त्यात खरं लिहिलं गेलं. ज्याने लाल रंग दाखवला, म्हणजे काम अडलंय असं लिहिलं, त्याला सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं गेलं, आणि ज्याच्यावाचून काम अडलं होतं तो वायरमन मात्र मिळाला नाहीच. पुढे शीट हिरवी होत गेली आणि मशिन तशीच उशिरा जात राहिली. लोक खोटारडे नव्हते. खरं सांगून काही मिळत नाही, एवढंच ते शिकले होते. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ती सगळी मनापासून काम करणारी माणसं होती. म्हणून कंट्रोलिंग पीएमओ निवडायचं असेल, तर एक अट घाला: जो रकाना वाचून कोणी काही करणार नाही, तो शीटमध्ये ठेवायचा नाही.

डायरेक्टिव्ह रचनेची ताकद बघायची तर कोकण रेल्वे आठवावी. तिथे पीएमओ असं नाव नव्हतं, पण प्रकल्पासाठीच १९९० मध्ये वेगळं महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष झाले, मार्गाचे सात विभाग केले आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला. रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकुरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, बोगदे आणि मोठे पूल यांसह, १९९८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. पण आपल्याशी तुलना करताना एक फरक विसरू नये. त्या महामंडळापुढे एकच काम होतं. आपल्याकडे एकच फिटर चार मशिनवर असतो, आणि तो प्रॉडक्शन मॅनेजरचा माणूस असतो. डायरेक्टिव्ह पीएमओ म्हणजे त्या मॅनेजरच्या अधिकारातला तुकडा काढून दुसऱ्याला देणं. हे उघडपणे, सगळ्यांसमोर सांगायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

बाहेरचे सल्लागार नेमणं हाही एक पर्याय. २०१५ च्या स्मार्ट सिटी अभियानात शहरांनी प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार घेतले, ते याच जातीचं. एकदाच होणाऱ्या मोठ्या कामाला ठीक. रोजच्या ऑर्डरींसाठी नको. सल्लागार गेले की शिकलेलंही त्यांच्याबरोबर जातं.

मग निवडायचं कसं? लेट झालेल्या शेवटच्या पाच ऑर्डरी घ्या आणि प्रत्येकीचं कारण असेंब्लीतल्या माणसाला विचारून लिहा. दर वेळी प्रत्येकाने सगळं नव्याने शोधलं असेल, तर सपोर्टिव्ह. बदल फुकटात स्वीकारले गेले, मंजुरीआधीच बाहेरून घ्यायच्या वस्तूंची ऑर्डर गेली, असं दिसलं तर कंट्रोलिंग. माणसांची आणि जागेची ओढाताण हेच कारण असेल, तर डायरेक्टिव्हशिवाय इलाज नाही. मात्र त्याआधी मालकाला एक प्रश्न विचारा: प्रॉडक्शन मॅनेजर पीएमओला डावलून थेट तुमच्या केबिनमध्ये आला, तर त्याला परत पाठवाल का? उत्तर देताना मालक अडखळले, तर डायरेक्टिव्हचा विचार सोडा.

दीडशे-दोनशे माणसांच्या कारखान्याला मी स्वतः शुद्ध प्रकार सुचवणार नाही. एरवी सपोर्टिव्ह, पण दोन ठिकाणी पक्कं फाटक: डिझाइन गोठवताना (अंतिम ठरवताना) आणि डिस्पॅचआधीच्या ट्रायलला. आणि फिटर-वायरमनची आठवड्याची वाटणी सोमवारी सकाळी पीएमओने करायची, प्रॉडक्शन मॅनेजरला शेजारी बसवून. पीएमओच्या खुर्चीत असेंब्लीत वाढलेला माणूस बसवा. शीट भरायला तो महिन्याभरात शिकेल.