क्यूबसॅटसाठी जागा: सरकारी फुकट की खासगी विकत?

विद्यार्थ्यांचा क्यूबसॅट, म्हणजे ठोकळ्याच्या आकाराचा छोटा उपग्रह, तयार होत आला की रॉकेटवर जागा कुठून घ्यायची हा प्रश्न हमखास उभा राहतो. हाती पैसे नसतात, सरकारी संस्था फुकट न्यायला तयार असते, मग विचार कसला करायचा? पहिल्या खेपेला आम्हीही तेच म्हणालो. आमचा पहिला क्यूबसॅट एका सरकारी मोहिमेतून गेला. दुसऱ्यासाठी एका खासगी कंपनीच्या, अनेकांचे उपग्रह एकत्र नेणाऱ्या सामायिक उड्डाणात जागा विकत घेतली. दोन्ही कक्षेत पोचले आणि दोघांशीही संपर्क झाला, त्यामुळे इथे रडगाणं गायचं नाही.

सरकारी मार्गाने आम्हाला सगळ्यात जास्त काय दिलं असेल, तर माणसं. आराखडा तपासायला बसलेले अभियंते वीस-पंचवीस वर्षं हेच काम करत आलेले. क्यूबसॅट रॉकेटवर एका पेटीत बसवून नेतात; त्या पेटीतून बाहेर पडल्यावर त्याला जागं करणारा स्विच अडकला तर काय, हा प्रश्न त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारला. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात तो आला नव्हता. त्यानंतर आम्ही एकाऐवजी दोन स्विच बसवले. नासाचा इलाना कार्यक्रम किंवा युरोपीय अंतराळ संस्थेचा ‘फ्लाय युवर सॅटेलाइट’ अशा विद्यार्थ्यांच्या उपग्रहांसाठीच्या कार्यक्रमांचं खरं मोल मला याच हात धरून शिकवण्यात वाटतं.

खासगी बाजूचं लक्ष एवढंच की तुमच्या उपग्रहाने शेजाऱ्याला इजा करू नये. कंपन चाचणीचे आकडे द्या, वजन द्या, अँटेना वेळेआधी उघडणार नाही हे दाखवा, झालं. वर गेल्यावर तो चालतो की नाही, हे तुमचं तुम्ही बघायचं. कागदपत्रांचंही तसंच. 1967च्या बाह्य अवकाश करारानुसार खासगी अवकाश-उपक्रमांची जबाबदारीही राष्ट्रावरच असते, त्यामुळे परवान्यातून कुणाचीच सुटका नाही. पण सरकारी मोहिमेत बरीचशी फाइल आमच्यासाठी दुसऱ्याच कुणीतरी पुढे सरकवली होती. दुसऱ्या वेळी फ्रिक्वेन्सीपासून नोंदणीपर्यंत सगळं आम्हीच केलं, आणि त्यात एका विद्यार्थिनीचं जवळजवळ पूर्ण सत्र गेलं.

इथवर वाचून पारडं सरकारी बाजूला झुकलेलं दिसेल. माझंही झुकलं असतं, एक गोष्ट सोडली तर.

क्यूबसॅट पेटीत बसवून झाकण लावलं की तो पूर्ण बंद असतो. आमच्या पेटीला बाहेरून चार्जिंगची सोयही नव्हती. बंद असला तरी बॅटरी थोडी थोडी उतरतच राहते. सरकारी रॉकेट ज्याच्यासाठी उडत होतं तो मुख्य उपग्रह काही कारणाने तयार होईना. त्यात चूक कुणाचीच नव्हती, दुय्यम प्रवाशासाठी मुख्य काम घाईत उरकावं असं मीही म्हणणार नाही. पण आमचा उपग्रह अकरा महिने त्या पेटीत पडून राहिला, आणि त्या काळात ‘नवी तारीख कळवू’ यापलीकडे आम्हाला काही कळलं नाही. अँटेना उघडण्यासाठी बांधलेला दोरा जाळावा लागतो, आणि त्यासाठी तारेतून चांगला प्रवाह जावा लागतो. उपग्रह सुटल्यावर बॅटरीत तेवढा दम नव्हता. सौर पट्ट्यांवर ती हळूहळू भरत गेली आणि पहिला सिग्नल नवव्या दिवशी आला. तोवर ग्राउंड स्टेशनचं सॉफ्टवेअर लिहिणारा मुलगा पदवी घेऊन गेला होता. त्याची जुनी टिपणं चाळत आम्ही ते नऊ दिवस काढले.

हे आमच्याच वाट्याला आलं असंही नाही. नासाच्या आर्टेमिस-1 या चांद्रमोहिमेसोबत 10 क्यूबसॅट होते. उड्डाण पुढे पुढे जात अखेर 16 नोव्हेंबर 2022ला झालं, तोवर ते वर्षाहून अधिक काळ रॉकेटमध्ये बसून होते आणि त्यांतल्या काहींना मध्ये चार्ज करणं शक्यच नव्हतं. त्यांतल्याच, लघुग्रहाकडे निघालेल्या निआ स्काउटशी तर संपर्कच झाला नाही. बॅटरीमुळेच असं मी म्हणणार नाही, पण ती बातमी वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता.

सामायिक उड्डाणात वाट पाहायला लावणारा असा कुणी मुख्य प्रवासी नसतो. इस्रोच्या, म्हणजे सरकारी, पीएसएलव्ही-सी37ने 15 फेब्रुवारी 2017ला 104 उपग्रह नेले, त्यात 714 किलोचा कार्टोसॅट मुख्य होता आणि बाकीचे त्याच्याबरोबर गेले. याउलट स्पेसएक्स या खासगी कंपनीच्या जानेवारी 2021च्या ट्रान्सपोर्टर-1 या सामायिक उड्डाणात 143 उपग्रह होते, सगळे सारख्याच हक्काचे. तुम्ही तयार नसाल तर तुमच्याविना रॉकेट जातं. हे कठोर आहे, पण त्यामुळे उड्डाणाच्या तारखेपासून मागे मोजत वेळापत्रक आखता येतं. आमच्या दुसऱ्या वेळी तारीख दोनदा हलली, दोन्ही मिळून तीन आठवडे. पहिला सिग्नल दुसऱ्याच फेरीत मिळाला, आणि तो ऐकायला उपग्रह बांधणारी सगळी मुलं खोलीत होती.

कक्षेचं फार मनावर घेऊ नका. दोन्हीकडे गाडी जाते तिथेच उतरावं लागतं. हवी तीच कक्षा पाहिजे असेल तर इलेक्ट्रॉनसारखं छोटं रॉकेट आहे, पण तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही. 2012पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातल्या जपानी किबो प्रयोगशाळेतून क्यूबसॅट सोडले जातात, तो मार्ग मात्र अवकाश स्थानकाबरोबरच संपेल, आणि स्थानक 2030च्या सुमारास खाली आणायचा बेत आहे. त्यानंतरची स्थानकं बहुतेक खासगी असतील, म्हणजे तिथेही जागा विकतच घ्यावी लागेल. सगळी स्वस्त उड्डाणं एका-दोन कंपन्यांच्या हाती गेली तर हे दर टिकतील का, ही काळजी मला आहेच. सरकारी दार उघडं राहिलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तुमचा पहिलाच उपग्रह असेल आणि चमू पुढची तीन वर्षं टिकणार असेल, तर सरकारी जागेला नाही म्हणू नका. फक्त पेटी बंद झाल्यावर चार्जिंग करता येईल का आणि किती दिवसांनी उपग्रह परत मागता येईल, हे आधी लेखी घ्या. आमच्या तिसऱ्या उपग्रहासाठी फुकट जागा देऊ केली होती. आभार मानून आम्ही ती दुसऱ्या चमूला द्यायला सांगितलं, आणि सध्या विकतच्या जागेचा पहिला हप्ता जमवतो आहोत.