.२२ रायफलचा सप्रेसर: काही महिन्यांच्या वापरानंतर

सप्रेसर म्हणजे नळीच्या टोकाला लावायचं, बाराचा आवाज कमी करणारं नळकांडं. हा अनुभव अमेरिकेतला आणि फक्त .२२ एलआर या छोट्या काडतुसापुरता. रायफली दोन: बोल्ट अ‍ॅक्शनची (दर बाराला बोल्ट हाताने ओढायची) सीझेड ४५७ आणि सेमी-ऑटो (बोल्ट आपोआप हलणारी) रुगर १०/२२. सप्रेसर साधारण ५ इंच लांब, टायटॅनियमची ट्यूब, आत १७-४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे सुटे बॅफल, म्हणजे गॅस अडवणाऱ्या, मधोमध भोक असलेल्या चकत्या. घेताना सगळे डेसिबलचे आकडे ताडून बघतात. पण दोन चांगल्या सप्रेसरमधला तो फरक कानाला जेमतेम जाणवतो. खरा फरक कळतो साफ करायला बसल्यावर.

याचं कारण .२२ची गोळी. उघडं मऊ शिसं किंवा त्यावर तांब्याचा नावापुरता मुलामा, वर मेणाचं वंगण. प्रत्येक बारासोबत शिसं आणि काजळी बॅफलवर बसते. सेंटरफायरइतका (मोठ्या, जोरकस काडतुसांइतका) दाब इथे नसतो, त्यामुळे ती उडून जात नाही, थरावर थर चढत जातो. सेंटरफायरचे बरेच सप्रेसर कायमचे बंद असतात आणि तसे चालतातही. .२२साठी मात्र न उघडणारा सप्रेसर घेऊच नये, कितीही स्वस्त मिळाला तरी.

दुकानात हातात घेऊन पाहा: टोकांच्या कॅप निघतात का, त्यासाठीचा पाना सोबत मिळतो का, आणि मुख्य म्हणजे बॅफल एकमेकांत कसे बसतात. त्यांच्या कडा एकात एक अडकून आत बंद नळी तयार होत असेल, तर शिसं ट्यूबच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. तशी रचना नसेल तर शिसं ट्यूब आणि बॅफलच्या फटीत शिरतं आणि मग बॅफल लाकडी दांड्याने ठोकून काढावे लागतात. अ‍ॅल्युमिनियमचे बॅफल हलके असतात, पण जोरकस सफाई त्यांना सोसत नाही. पुढे .१७ एचएमआर किंवा .२२ मॅग्नम ही जास्त दाबाची काडतुसं वापरायचा विचार असेल तर तसं रेटिंग आधीच तपासा.

सप्रेसर बसवायचे नळीवरचे आटे बहुतेक ठिकाणी अर्धा इंच व्यासाचे, इंचाला २८. काही युरोपीय रायफलींवर इंचाला २० असतात. पहिले दोन-तीन फेरे बोटांनी सहज फिरले नाहीत तर थांबा, जोर लावू नका.

गोळ्यांचा हिशेब सप्रेसरइतकाच महत्त्वाचा. २० अंश सेल्सिअसला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ११२५ फूट. सीसीआय कंपनीच्या स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळीचा छापील वेग १०७०, त्यांच्याच मिनी-मॅगचा १२३५. मिनी-मॅगचा कडकडाट आवाजाहून वेगवान गोळी हवा कापताना होतो, त्यावर कुठलाच सप्रेसर चालत नाही. उणे १० अंशाला आवाजाचा वेग १०६७ च्या आसपास उतरतो, म्हणून मिनेसोटाच्या हिवाळ्यात उन्हाळ्यातलाच स्टँडर्ड गोळ्यांचा डबा अधूनमधून कडाडतो. पहिला बार नंतरच्यांपेक्षा मोठा वाजतो, कारण ट्यूबमधल्या हवेतला प्राणवायू त्याच वेळी जळतो. तो बिघाड नव्हे.

सीझेडवर हे सगळं छान जमतं. १०/२२ वर बोल्टची खटखट उरते, गॅस मागे येऊन चेंबर (काडतूस बसतं ती जागा) लवकर घाण होतो आणि डोळ्यांवरही येतो. चष्मा लावाच, आणि कानाचं संरक्षणही सोडू नका. शिवाय सप्रेसरच्या वजनाने निशाणा सरकतो, म्हणून झिरो, म्हणजे निशाणा जुळवणं, सप्रेसर लावूनच करायचं.

सैल आटे हा सगळ्यात महागात पडणारा दोष. सप्रेसर जरा तिरका झाला की गोळी बॅफलला घासते. दर दोन-तीन मॅगझिननंतर रायफल रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून, हातमोजा घालून आवळून पाहा. नवीन रायफलवर पहिल्यांदा लावताना नळीतून अलाइनमेंट रॉड (सरळ सळई) घालून बघितलेलं बरं.

सफाई ३०० ते ५०० गोळ्यांनंतर. हजाराच्या पुढे ढकललीत तर बॅफल एकमेकांना चिकटतात. नवा, कोरडा सप्रेसर स्वयंपाकघरातल्या नव्हे, वेगळ्या काट्यावर तोलून वजन लिहून ठेवा. पुढे किती शिसं साठलं ते वजनच सांगतं. स्टेनलेसच्या बॅफलला स्टीलच्या पिना, पाणी, भांड्यांचा साबण आणि चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड घालून टंबलरमध्ये (गोल फिरणाऱ्या डब्याच्या यंत्रात) दोन-तीन तास फिरवा. अ‍ॅल्युमिनियमला हे नको; सॉल्व्हंटमध्ये भिजवून नायलॉनच्या ब्रशने हळूहळू काढा. जोडताना बॅफलवर सिलिकॉन तेलाचा पातळ हात फिरवला तर पुढचा थर सोपा सुटतो, फक्त सुरुवातीचे काही बार धुरकट होतात. जोडणी मूळ क्रमाने, खुणा जुळवून. उतरवतानाच फोटो काढून ठेवा.

व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण अनेक जण सुचवतात. शिसं निघतं खरं, पण त्याचं लेड अ‍ॅसिटेट होतं. ते विषारी असतं, पाण्यात विरघळतं आणि कातडीतूनही शरीरात जाऊ शकतं. या फंदात पडू नका. टंबलरचं काळं पाणीही मोरीत ओतायचं नाही. झाकणाच्या डब्यात भरून काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्यायचं. नायट्राइलचे हातमोजे घाला, कोरडं कधी खरवडू नका, आणि मुलं जवळ नसताना, स्वयंपाकघराबाहेरच हे काम करा.

कागदपत्रांचं थोडक्यात. १९३४ च्या बंदूकविषयक कायद्यातला सप्रेसरवरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. फॉर्म ४ हा सरकारी अर्ज, बोटांचे ठसे, फोटो आणि मंजुरीची वाट मात्र आहेच. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय यांसारख्या काही राज्यांत बंदी आहे. एच-१बीवर असाल तर मोजके अपवाद सोडता बंदूकही बाळगता येत नाही, आणि कायद्याच्या नजरेत सप्रेसर ही बंदूकच. भारतात तो प्रतिबंधित शस्त्रांत मोडतो, तेव्हा प्रवासाच्या बॅगेत त्याचा एखादा भागही राहिलेला नसावा. अमेरिकेत सुटा बॅफलही स्वतंत्र सप्रेसर मानला जातो, त्यामुळे जास्तीचे बॅफल विकत घेऊन ठेवता येत नाहीत. एखादा घासला किंवा चिरला तर अख्खा सप्रेसर उत्पादकाकडे दुरुस्तीला पाठवायचा.