लिव्हरपूल की मँचेस्टर युनायटेड? नव्याने संघ धरणाऱ्यासाठी

प्रीमियर लीग बऱ्यापैकी कळायला लागली आहे, ऑफसाइड कुणाला विचारावा लागत नाही, पण संघ अजून ठरत नाही, असं म्हणणारे लोक हल्ली वरचेवर भेटतात. त्यांतल्या बऱ्याच जणांची यादी शेवटी दोन नावांवर येऊन थांबते. सिटी, आर्सेनल, चेल्सी यांची बाजू मी इथे मांडत नाही. त्यांचे चाहते ती माझ्यापेक्षा चांगली मांडतील. मी स्वतः बरीच वर्षं लिव्हरपूल आणि युनायटेड दोन्ही बघत होतो, दोन्हीकडे जवळचे मित्र आहेत, आणि मग एका बाजूला गेलो. कुठल्या, ते पुढे येईलच. आधी दोघांचं नीट ऐकून घेऊ.

करंडक मोजून ठरवता येईल असं वाटत असेल तर तो मार्ग 2025 मध्ये बंद झाला. लीगची विजेतेपदं 20 आणि 20. युरोपियन कपात, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगमध्ये, लिव्हरपूल पुढे, 6 विरुद्ध 3. एफए कपात युनायटेड पुढे, 13 विरुद्ध 8. ज्याला जे सोयीचं, ते तो सांगतो.

त्या 20-20 पर्यंत दोघं ज्या वाटेने आले ती मात्र बघण्यासारखी आहे. 1967 नंतर युनायटेडला लीग जिंकायला 1993 उजाडलं. मधे 1974 मध्ये तर ते दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेले. त्याच काळात शँकली, पेझ्ली, फेगन, डॅल्ग्लिश अशा एकामागून एक मॅनेजरांनी लिव्हरपूलला 18 वर नेऊन ठेवलं. 1990 मध्ये युनायटेडकडे होती 7. तिथून त्यांचा मॅनेजर फर्ग्युसनने एकट्याने 13 मिळवली आणि 2013 मध्ये 20 वर संघ सोडून गेला. लिव्हरपूलची 19 वी लीग आली 2020 मध्ये, तीस वर्षांनी, आणि तीही रिकाम्या स्टेडियममध्ये. ज्यांनी ऐंशीच्या दशकात शाळेत असताना लिव्हरपूल धरलं होतं, त्यांची मुलं तोवर कॉलेजात गेली होती. तेव्हा आज कोण वर आहे हे बघून संघ धरू नका. 2025 च्या एप्रिलमध्ये टॉटनहॅमला 5-1 हरवून लिव्हरपूल विजेते झाले, युनायटेड त्याच सीझनला 42 गुणांवर पंधराव्या क्रमांकावर होते. आणि सहाच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, युनायटेडने लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, ॲनफिल्डवर, येऊन 2-1 ने मॅच नेली. लीगमध्ये तिथे ते जिंकल्याला जवळजवळ दहा वर्षं झाली होती. मग्वायरने शेवटच्या काही मिनिटांत हेडर मारला तेव्हा माझे युनायटेडवाले मित्र जे ओरडले, त्याचा मला मनापासून हेवा वाटला.

मालकांचा विषय टाळता येत नाही. अनेकांना वाटतं की ग्लेझर कुटुंब हे फक्त युनायटेडच्या वाट्याला आलेलं दुर्दैव आहे. तसं नाही. ग्लेझरांनी 2005 मध्ये साधारण 79 कोटी पौंडांना क्लब घेतला, त्यातला मोठा भाग कर्जाचा, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. दोन वर्षांनी लिव्हरपूलमध्ये हिक्स आणि जिलेट हे दोन अमेरिकन आले आणि बरंचसं तेच झालं. फरक पडला तो शेवटात. लिव्हरपूलचं प्रकरण ऑक्टोबर 2010 मध्ये लंडनच्या हायकोर्टात गेलं, कर्ज देणाऱ्या बँकेचा आणि बोर्डाचा दबाव इतका होता की त्या दोघांना क्लब सोडावा लागला, आणि आजचे मालक 30 कोटी पौंडांत आत आले. त्याच महिन्यात लिव्हरपूल टेबलमध्ये 19 वे होते. म्हणजे रोग लवकर टोकाला गेला आणि म्हणून इलाजही लवकर झाला. युनायटेडकडे फर्ग्युसन होता. त्याने त्याच कर्जाखाली पाच लीग आणि एक युरोपियन कप जिंकून दाखवला, आणि मला वाटतं, त्याच्या थोरपणामुळेच दुखणं इतकी वर्षं झाकलं गेलं. 2024 च्या सुरुवातीला ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त वाटा घेऊन आले, पण बहुमत ग्लेझरांकडेच राहिलं.

लिव्हरपूलचे मालक साधुसंत आहेत असं मात्र कुणी समजू नये. 2016 मध्ये 77 पौंडांचं तिकीट जाहीर झालं तेव्हा हजारो लोक 77 व्या मिनिटाला ॲनफिल्डमधून उठून गेले. लिव्हरपूल 2-0 ने पुढे असलेली ती मॅच संडरलँडने 2-2 केली, आणि मालकांनी निर्णय मागे घेतला. 2021 मध्ये मोठ्या क्लबांनी स्वतःची वेगळी सुपर लीग काढायला घेतली, तिच्यात तर दोन्ही क्लब हातात हात घालून गेले होते. त्याच रागातून मे महिन्यात युनायटेडचे चाहते ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले आणि पुढे ढकलली गेली ती मॅच नेमकी लिव्हरपूलविरुद्धची होती. या बाबतीत दोन्हीकडच्या चाहत्यांबद्दल मला सारखाच आदर आहे.

आता माझ्यासाठी जे निर्णायक ठरलं ते सांगतो. ते मैदानावरचं नाही.

शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण एकत्र मॅच बघतो. मला फुटबॉल बघण्याइतकंच फुटबॉलवर बोलायला आवडतं. दुसऱ्या गोलच्या वेळी राइट-बॅक इतका वर का होता, मिडफिल्डमध्ये दोघांच्या मधली जागा कुणी सोडली, साठाव्या मिनिटाला बदल कशासाठी केला. युनायटेडच्या मॅचनंतर या गप्पा रंगतच नाहीत. मॅच संपून पाच मिनिटं होत नाहीत तोच विषय निघतो, हा मॅनेजर टिकणार का. मग आधीच्याने घेतलेले खेळाडू, त्यांचे पगार, ग्लेझर, रॅटक्लिफ, स्टेडियमचं छत. बोलणारे चुकीचं काही बोलत नाहीत, सगळं खरं असतं. पण तेच बोलणं मी मॉयेसच्या वेळी ऐकलं, व्हॅन गालच्या, मोरिन्योच्या, सोल्शायरच्या, टेन हागच्या आणि अमोरिमच्याही वेळी ऐकलं. बघितलेली मॅच बाजूलाच राहते. संघ हरल्याचा त्रास मी सहन करू शकतो. संध्याकाळभर बघितलेल्या खेळाबद्दल बोलायलाच मिळू नये, हे मला सोसेना.

याला कारण आहे, आणि ते माझ्या मित्रांच्या स्वभावात नाही. 2013 ते 2025 या काळात युनायटेडने सहा पूर्णवेळ मॅनेजर बघितले, मधले हंगामी वेगळे. लिव्हरपूलने तीन. शिवाय युनायटेडच्या सहाही जणांचे विचार एकमेकांशी जुळणारे नव्हते. दर दोन वर्षांनी नवा मिस्त्री यावा आणि त्याने आधीच्याची भिंत पाडून स्वतःची बांधायला घ्यावी, तसं चाललं. मॉयेस आला आणि फर्ग्युसनचे सहायक गेले. व्हॅन गालने डी मारियाला ब्रिटिश विक्रमी किमतीला आणलं आणि वर्षभरात तो पॅरिसला गेला. टेन हागने आयॅक्सच्या ओळखीचे खेळाडू जमवले. 2024 मध्ये त्याने सिटीला हरवून एफए कप जिंकला, जुलैमध्ये त्याचा करार वाढवला, त्याच्या पसंतीचे डी लिख्त आणि मझरावी आणले, आणि ऑक्टोबर संपायच्या आत त्याला काढलं. डॅन ॲशवर्थला स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून महिनोन्‌महिने वाट पाहून आणलं, तो पाच महिन्यांत गेला. मग अमोरिम आला, मागे तीन आणि बाजूंना विंग-बॅक खेळवणारा, आणि संघात विंग-बॅक म्हणता येईल असा माणूस जवळजवळ नाहीच. अशा वेळी चाहत्याने खेळावर काय बोलायचं? ज्या रचनेवर बोलायचं ती पुढच्या वर्षी असेल याचीच खात्री नाही.

लिव्हरपूलकडे हे वेगळं का वाटतं, ते त्यांचा मॅनेजर क्लॉप गेला तेव्हा मला नीट कळलं. 2024 च्या जानेवारीत त्याने जाणार म्हणून सांगितलं तेव्हा मला धास्ती वाटली होती, की आता इथेही तेच सुरू होणार. त्याच्या जागी स्लॉट आला. त्या उन्हाळ्यात लगेच खेळायला म्हणून संघात फक्त किएझा आला, आणि तोही वर्षभर बाकावरच राहिला. मग स्लॉटने केलं काय? क्लॉपनेच आणलेल्या ग्राव्हनबर्खला मागे ओढून बचावाच्या पुढ्यात उभा केला. एवढ्या एका बदलावर आम्ही कितीतरी शनिवार बोलत होतो. चेंडू घेताना तो अंगाला वळण देतो आणि मागून येणारा खेळाडू नुसता हात पसरून उभा राहतो, हे पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितलं. क्लॉपच्या वेळी असेच विषय असायचे. अलेक्झांडर-अरनॉल्ड आत येऊन खेळतो ते बरोबर की त्याने मागे खिंडार पडतं, यावर आमच्याकडे दोन कायमचे तट होते. कुटिन्हो बार्सिलोनाला गेला त्याच जानेवारीत व्हॅन डाइक आला आणि काही महिन्यांत ॲलिसन. एक मोठा खेळाडू गेला, पण त्याच्या पैशांतून नेमकी दुखरी जागा भरली. अशा गोष्टी वर्षानुवर्षं बघितल्या की पुढच्या निर्णयाकडे माणूस घाबरून न बघता उत्सुकतेने बघतो.

2025 च्या शरद ऋतूत हेच लिव्हरपूल लीगच्या सातपैकी सहा मॅच हरले, हेही सांगायला हवं. व्हर्ट्झ, इसाक, एकिटिके यांच्यावर प्रचंड पैसा ओतला होता. त्याआधी जुलैमध्ये दियोगो झोटा अपघातात गेला होता, आणि त्या दुःखाचं वजन खेळात किती होतं हे बाहेरून कुणी मोजू नये. फॉरेस्टने ॲनफिल्डवर 3-0 ने हरवलं त्या रात्रीही आमच्याकडे बोलणं चाललं ते व्हर्ट्झला कुठे खेळवावं आणि डावीकडचा बचाव कसा सावरावा यावर. राग होता, पण तो खेळाला धरून होता. माझ्या निवडीची खरी परीक्षा मला तरी 5-1 च्या दिवशी नव्हे, त्या रात्री झाली असं वाटतं.

युनायटेडच्या बाजूने दोन गोष्टी माझ्या मनात कायम राहिल्या आहेत, आणि तुमचा कल तिकडे असेल तर या दोन्हींसाठी असावा. पहिली त्यांची अकादमी. 1937 पासून आजवर एकही मॅच अशी गेलेली नाही की संघात घरचा, क्लबमध्येच वाढलेला खेळाडू नव्हता. म्युनिकच्या धावपट्टीवर 1958 मध्ये विमान अपघातात आठ खेळाडू गेले, त्यानंतरसुद्धा नाही. 2024 च्या त्या एफए कप फायनलमधले युनायटेडचे दोन्ही गोल गार्नाचो आणि मेनूचे, दोघंही अकादमीतले. दुसरी गोष्ट म्हणजे शेवटच्या मिनिटांवरचा त्यांचा विश्वास. एप्रिल 2025 मध्ये, लीगमध्ये काहीही धड चालत नसताना, ल्यॉनविरुद्ध जादा वेळेत 4-2 ने मागे पडून त्यांनी 5-4 केलं. आपल्याकडे रात्रीचे साडेतीन व्हायला आले होते. लिव्हरपूलकडे 2019 ची बार्सिलोनाविरुद्धची 4-0 आहे, 2005 ची 3-0 ने मागे पडून जिंकलेली इस्तंबूलची फायनल आहे, पण इतक्या वाईट वर्षात अशी रात्र काढायला वेगळीच छाती लागते.

आपल्या बाजूने बघाल तर जवळीक दोघांशीही जोडता येते. पुण्यात काही वर्षं डीएसके शिवाजियन्सबरोबर लिव्हरपूलच्या नावाची अकादमी चालत होती. लिव्हरपूलचा जुना स्ट्रायकर रॉबी फाउलर 2020-21 मध्ये ईस्ट बंगालचा कोच म्हणून अख्खा सीझन गोव्यात होता. आणि 2002 मध्ये लिव्हरपूलचा गोलकीपर डुडेकच्या चुकीचा फायदा घेऊन ॲनफिल्डवर दोन गोल करणारा युनायटेडचा फोर्लान 2016 मध्ये मुंबई सिटीकडून अंधेरीत खेळला. टीव्हीवर दोघांच्याही जवळजवळ सगळ्या मॅच दिसतात, वेळाही त्याच.

तर मी लिव्हरपूल धरलं. तुम्हाला वादळात उभं राहायला आवडत असेल, क्लबची सगळी राजकारणं आपली वाटत असतील, आणि पुन्हा उभं राहणाऱ्या संघाबरोबर पहिल्या पायरीपासून चालायचं असेल, तर युनायटेडमध्ये तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सापडेल, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण तुम्ही मॅच संपल्यावर मॅचवर बोलणारे असाल तर माझा कल कुठे आहे ते स्पष्ट आहे. घाई मात्र करू नका. एखाद्या आठवड्यात दोन्ही संघ हरतील, तेवढं थांबा. त्या रविवारी दोन्हीकडच्या चार-चार चाहत्यांना फोन करा आणि हरलात कशामुळे एवढंच विचारा. ज्यांचं उत्तर ऐकत राहावंसं वाटेल, त्यांच्यात जाऊन बसा.