जनगणना की घरोघरी पाहणी?

एमएच्या प्रबंधासाठी गावातली जातनिहाय वस्ती दाखवायची, तर 2011ची जनगणना पुरेल का, असं यवतमाळकडच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं.

खर्च: जनगणना फुकट. पाहणीला एसटीभाडं, झेरॉक्स. शिवाय कापूस वेचणीत दुपारी घरी कुणी सापडत नाही.

तपशील: खरा फरक इथेच. जनगणनेत गावातल्या अनुसूचित जाती-जमातींचा आकडा मिळतो. ओबीसी वेगळे मोजलेलेच नाहीत, आणि कुणाचं घर कुठे, हेही नाही. बौद्धपुरा गावठाणाच्या कडेला अन् हापशी दुसऱ्या टोकाला, हे नकाशा हातानं काढल्यावरच दिसतं. (पहिल्याच प्रश्नात जात विचारू नका, पाण्यापासून सुरुवात करा.)

तालुक्यांची तुलना असेल तर जनगणना घ्या. एकाच गावातलं अंतर दाखवायचं तर पाहणीच.