मृत समुद्राच्या गुंडाळ्या की नाग हम्मादीची बाडे?

प्रारंभीच्या ख्रिस्ती धर्माचा अभ्यास मूळ हस्तलिखितांपासून सुरू करू पाहणाऱ्यांपुढे बहुधा दोन नावे येतात, आणि दोन्ही शोध 1945 ते 1947 या काळातले असल्याने त्यांची सरमिसळही होते.

मृत समुद्राकाठी कुमरान येथे अकरा गुहांत सापडलेल्या गुंडाळ्या ख्रिस्ती नाहीत, ही गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. हिब्रू, अरामी आणि थोड्या ग्रीक भाषेतले हे लेखन यहुदी आहे; त्यात येशूचा उल्लेख नाही, आणि सातव्या गुहेतील एक तुकडा मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या ख्रिस्ती ग्रंथाचा, असल्याचा 1972 मधील दावाही बहुतेक अभ्यासकांनी मान्य केलेला नाही. मात्र येशूच्या काळापर्यंतचे यहुदी विचारविश्व समजून घ्यायचे, तर याहून जवळचा साक्षीदार नाही. हिब्रू बायबलमधील यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाची मोठी गुंडाळी सुमारे 7.3 मीटर लांब असून तिच्यात चामड्याचे 17 तुकडे एकमेकांना शिवलेले आहेत. चाळीसाव्या अध्यायात गवत सुकण्याविषयीचा मजकूर लिहिणाऱ्याच्या नजरेतून निसटला, तो नंतर दुसऱ्या हाताने ओळींच्या फटीत आणि उरलेला समासात उभा लिहिला आहे. लेखनिकाची चूक इतक्या जवळून दिसणे मला कोणत्याही सिद्धान्तापेक्षा मोलाचे वाटते.

वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ सापडलेले लेखन थेट ख्रिस्ती वादांच्या मध्यावर नेते. पपायरसची ही तेरा हस्तलिखिते गुंडाळ्या नाहीत, तर आपल्याकडच्या जुन्या बाडांसारखी पाने शिवून चामड्यात बांधलेली आहेत. त्यांत कॉप्टिक या प्राचीन इजिप्ती भाषेच्या उत्तरकालीन रूपातल्या पन्नासाहून अधिक रचना आहेत, आणि त्यांतच प्लेटोच्या एका उताऱ्याचे ओढूनताणून केलेले भाषांतरही सापडते. कुमरानच्या वस्तीचे 1951 पासून पद्धतशीर उत्खनन झाले, तसे येथे घडले नाही. बाडे गावकरी आणि व्यापारी यांच्या हातांतून फिरली, आणि ती मुळात कशी सापडली याच्या प्रसिद्ध कथेवर आज गंभीर शंका घेतल्या जातात. तरीही काळ ठरवता येतो तो रद्दीमुळे: सातव्या बाडाच्या पुठ्ठ्यात भरलेल्या जुन्या कागदपत्रांपैकी एकावर इसवी सन 348 ची तारीख आहे, म्हणजे बांधणी त्याआधीची असू शकत नाही.

पुरातत्त्वाची शिस्त शिकायची असेल, तर कुमरान निवडावे. ख्रिस्ती मते घडताना पाहायची असतील, तर माझा कौल नाग हम्मादीला, आणि सुरुवात दुसऱ्या बाडातील थोमाच्या शुभवर्तमानापासून. त्यात येशूची 114 वचने आहेत. येशूचा शिष्य थोमा भारतात आल्याची कथा मात्र येथे शोधू नये, ती थोमाच्या कृत्यांच्या वेगळ्या ग्रंथात आहे. वाचताना इजिप्तमधील ऑक्सिरिंकस या प्राचीन नगरात सापडलेले याच शुभवर्तमानाचे तीन ग्रीक तुकडे शेजारी ठेवावेत. त्यांतला पहिला 1897 मध्येच कचऱ्याच्या ढिगातून निघाला होता, पण तो कोणत्या ग्रंथाचा हे कॉप्टिक बाड मिळाल्यावरच उलगडले.