माकी-ए पेन घडवून घेताना : हिरा, तोगिदाशी की ताका?

गेल्या रविवारी एका स्नेह्यांनी आपलं नवं पेन माझ्या हातात ठेवलं. काळीभोर बॉडी, तिच्यावर सोन्याच्या लाटा. भिंगातून पाहिलं तर लाटेच्या माथ्यावर सोन्याचे कण दाटीवाटीने बसलेले, खाली उतरताना विरळ होत गेलेले, आणि शेवटचे चार-दोन काळ्यात हरवलेले. माकी-ए ही जपानी कला म्हणजे शिंपडून काढलेलं चित्र, हे तेव्हा डोळ्यांना पटलं. छापील नक्षीत ही विरळ होत जाणारी कड सहसा सापडत नाही. ‘माकी-ए’ म्हणून मिळणारी स्वस्त पेनं बहुधा स्क्रीन-प्रिंटची असतात. ती दिसतात छान, पण त्यांच्यासाठी कारागिराकडे जायची गरज नाही.

हाताचं काम हवं असेल तर तीन वाटा आहेत : हिरा, तोगिदाशी आणि ताका. तिन्हींत द्रव्य एकच, उरुशी. सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख किड्यापासून येते. उरुशी हा झाडाचा चीक, आणि ते झाड आपल्या बिब्ब्याच्या, काजूच्या कुळातलं. बिब्बा उततो तशी कच्ची उरुशीही उतते. गंमत म्हणजे ती घट्ट व्हायला कोरडी हवा चालत नाही, दमट पेटीच लागते. नामिकी या जपानी कंपनीने (आजची पायलट) एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, पेनं फिकट पडू नयेत म्हणून उरुशी लावायला घेतली, त्यातून माकी-ए पेनं आली आणि १९३० मध्ये लंडनच्या डनहिल कंपनीशी करार झाला. नामिकीसाठी काम केलेले कारागीर गोन्रोकू मात्सुदा पुढे १९५५ मध्ये जपानचे ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरले.

हिरा माकी-ए, म्हणजे सपाट. उरुशीने चित्र काढायचं, ओलं असताना सोन्याची पूड शिंपडायची, वरून पातळ उरुशी देऊन चकाकी आणायची. गवताची पाती, बारीक रेषा यात सुरेख येतात. तिन्हींत वेळ आणि पैसा इथे कमी लागतो. पहिलंच पेन असेल तर यात काही उणं नाही.

तोगिदाशीत जीव अडकतो. सोनं शिंपडून झालं की कारागीर सगळ्या चित्रावर उरुशीचा थर चढवतो. आठवडाभर खपून केलेलं काम काळ्याखाली गाडून टाकतो म्हणा ना! थर घट्ट झाला की कोळशाने घासत जातो, आणि चित्र हळूहळू वर येतं. अंमळ जास्त घासलं तर सोनंच निघून जायचं. बोट फिरवलं तर चित्र कुठे सुरू होतं ते कळत नाही. जमीन (म्हणजे चित्रामागचा काळा थर) आणि सोनं एकाच पातळीत. धुकं, पाऊस, चांदणं यांना याहून चांगली रीत मला माहीत नाही. सोनं जमिनीतच बसलेलं असल्याने रोजच्या वापरातही ते सुरक्षित राहतं.

ताका म्हणजे उठाव. उरुशी आणि कोळशाच्या पुडीने आकार उंचवून त्यावर सोनं. ड्रॅगनचे खवले, माशाची पाठ बोटाला लागते. पाहणारा थक्क होतो, पण त्याला मोठी बॉडी हवी, आणि झिजतात ते आधी हे उंचवटेच. रोज दहा पानं लिहिणाऱ्याने ताकाच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. संग्रहासाठी मात्र खुशाल घ्यावं.

कोणतंही घेतलं तरी उन्हात ठेवायचं नाही, आणि टोपण मागे खोचून लिहायचं नाही. जपानी निब पाश्चात्त्य निबेपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते. जोडाक्षरांना ते सोयीचं पडतं.

मी तोगिदाशीच करून घेणार आहे. काळ्यावर पावसाच्या तिरप्या रेघा, टोपणावरून बॉडीवर सलग उतरणाऱ्या. एक गोष्ट ऑर्डर देतानाच बोलून घ्यायची : टोपण तीन-चार जागांहून आट्यात बसत असेल तर रेघा त्यातल्या एकाच जागी जुळतात, आणि ती जागा ओळखायची खूण कुठे ठेवायची हे कारागिराला आधीच विचारायचं.