घरच्या घरी ‘जुना’ टीशर्ट: इस्त्रीच्या ट्रान्सफर पेपरचा रिव्ह्यू

आमच्या ग्रुपचं १ जूनला एसटीने पुणे ते नगर जायचं ठरलं होतं, कारण १९४८ साली १ जूनलाच पहिली एसटी याच रूटवर धावली, आणि आमच्यातला एक जण एसटीसाठी इतका वेडा आहे की त्याला नाही म्हणायची सोयच नाही. तर सहा जणांना सारखे टीशर्ट हवे होते. पण नवेकोरे चकचकीत नकोत, काकाच्या ट्रंकेतून काढल्यासारखे दिसले पाहिजेत, विटके, छातीवर लाल डबा आणि खाली ‘पुणे–नगर १९४८’. छापून देणाऱ्यांनी सहाच नग म्हटल्यावर तोंड वाकडं केलं, म्हणून ऑनलाइन दोन पाकिटं मागवली, एक लाइट कपड्यांसाठीचा ट्रान्सफर पेपर, म्हणजे ज्यावर चित्र छापून इस्त्रीने ते कपड्यावर उतरवायचं (१० कागद, ३९० रुपये), आणि एक डार्कसाठीचा (५ कागद, ३४०). कंपनीचं नाव लिहीत नाही, तसेही हे कागद दहा नावांनी विकतात.

आधी डार्कचं सांगून टाकते म्हणजे विषय संपेल. हा कागद म्हणजे पांढरी जाड फिल्म असते, तिच्यावर सरळ छापायचं, डिझाइन कापायचं, मागचा कागद सोलून कपड्यावर ठेवायचं, वर बटर पेपर आणि मग इस्त्री. काळ्या टीशर्टवर रंग झकास उठतात, खोटं कशाला बोलू, पण हात लावला की वहीला प्लास्टिकचं कव्हर घातल्यासारखं लागतं, आणि मे महिन्यात घालून बघा, घाम आतल्या आत. त्यात अक्षरांच्या कडेने कापायचं, नाहीतर पांढरी पट्टी दिसते. एक मजा मात्र कळली, आपल्या देवनागरीत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध कापता येतो, इंग्रजीसारखी सुटी अक्षरं चिकटवत बसावं लागत नाही, पण वेलांट्या आणि उकार यांची टोकं पहिल्याच धुण्यात वर आली. जुन्या लूकसाठी हा पेपर घेऊच नका. दीड स्टार, तोही शिरोरेषेला.

आता लाइटचा. याची फिल्म पारदर्शक असते आणि इंकजेट प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, म्हणजे डिझाइनमध्ये जिथे पांढरं आहे तिथे खालच्या कापडाचाच रंग दिसतो. पाकिटावर हा तोटा म्हणून लिहिलंय, ‘फक्त पांढऱ्या कपड्यांसाठी’, पण जुन्या टीशर्टची सगळी गंमत हीच तर आहे ना, की प्रिंट कापडातूनच उगवल्यासारखी वाटते. म्हणून मी पांढरे टीशर्ट घेतले (१०० टक्के कॉटन, १८० जीएसएम म्हणजे मध्यम जाडीचे, २१० रुपयाला एक) आणि आधी चहात बुडवले. दोन लिटर पाण्यात आठ मोठे चमचे साधी सीटीसी पावडर उकळून, गाळून (नीट गाळा, नाहीतर भुकटीचे डाग पडतात), पाऊण तास, मग तुरटीच्या पाण्यातून काढून खळखळून धुवायचे. मस्त जुन्या कागदाचा रंग येतो. शिलाईचा दोरा मात्र पॉलिस्टरचा असतो, त्याला चहा चढत नाही, तो पांढराच राहतो, पण ते उलट छानच दिसलं. आणि टीशर्ट नवे असले तरी आधी एकदा धुवा, सॉफ्टनर न घालता, कारण कापडावर कांजी किंवा सॉफ्टनर राहिलं तर फिल्म धरत नाही.

डिझाइनमध्ये ठार काळा वापरू नका, गडद चॉकलेटी घ्या, लालही विटकरीकडे झुकलेला. कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपरा आधी सुटतो. आणि मिरर करायला, म्हणजे डिझाइन आरशातल्यासारखं उलटं छापायला विसरू नका!! मी विसरले, पहिला कागद गेला, टीशर्टवर उलटं नगर. घरी इंकजेट नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात नेऊ नका, तिकडे लेझर असतो आणि त्याच्या गरम रोलरला हा कागद वितळून चिकटू शकतो. मी नेला होता, दुकानदाराने पाकीट वाचून हात जोडले, शहाणा माणूस.

खरी परीक्षा इस्त्रीची. पाकिटातल्या चिठ्ठीत म्हटलंय टणक जागेवर ठेवा, म्हणून मी ओट्यावर ठेवला, तर ग्रॅनाइटने सगळी उष्णता खाल्ली आणि बस अर्धीच चिकटली. दुसरा कागद गेला. इस्त्रीचं टेबल मऊ, तिथे दाब बसत नाही. शेवटी जेवायचा लाकडी पाट काढला, त्यावर चादरीची घडी, एकदम परफेक्ट. पण माझ्या स्टीम इस्त्रीच्या बुडाला भोकं आहेत, आणि जिथे भोक तिथे दाब नाही, तर बसच्या टपावर गोल गोल ठिपके राहिले. माळ्यावरची आईची जुनी जड ड्राय इस्त्री काढली तेव्हा कुठे जमलं. कागद गरम असताना सोलायचा की गार झाल्यावर, हे चिठ्ठीत दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलंय, यासाठी अर्धा स्टार कापतेय. जुन्या बनियनवर एक कागद घालवून बघितला, गार करून सोललेला नीट निघाला.

मग मुद्दाम जुनं करायचं. पूर्ण गार झाल्यावर टीशर्ट आडवा ताणला की फिल्मला बारीक तडे जातात, मग २२० नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हाताने फक्त प्रिंटवर, कापडावर नाही, नाहीतर भोक (माझ्या एकाला आहे, बगलेजवळ, दिसत नाही). तसं बघितलं तर ७० च्या दशकात अमेरिकेत असल्याच इस्त्रीच्या ट्रान्सफरची क्रेझ होती, तेव्हा आपण नकलेची नक्कल करतोय असंही नाही.

आतापर्यंत नऊ धुणी झाली. उलटा करून, गार पाण्यात. लाल थोडा उतरलाय, तडे वाढलेत, आणि एरवी ज्यासाठी पैसे परत मागितले असते तेच बघून लोक विचारतात कुठून मिळाला हा. एकदा आईने प्रेमाने प्रिंटवर सरळ इस्त्री फिरवली, अर्धी बस इस्त्रीला चिकटली, मग कागदावर मीठ पसरून त्यावर गरम इस्त्री घासत बसलो दोघी. साडेतीन स्टार. डार्कचं पाकीट सोडलं तर सहा टीशर्ट साडेसोळाशेत झाले, शाई वेगळी.

हो, आणि सहाही मी नाही केले. दोन झाल्यावर हात भरून आले तर उरलेले चार खाली कोळशाची इस्त्री करणाऱ्या काकांकडे नेले. त्यांची इस्त्री जड, बुडाला एक भोक नाही, त्यांनी बटर पेपर ठेवून अंगाचा भार टाकून असे दाबले की माझे दोन त्यांच्यापुढे शाळेतल्या मुलाने केल्यासारखे दिसतात. दहा रुपये नग, वरच्या हिशेबात हे धरलेले नाहीत. पैसे घेताना म्हणाले, आमच्या जामखेडच्या गाडीचा नाही होणार का एक? एक कागद उरलाच होता. यावेळी मिरर केलं आठवणीने.